टाकी रिकामी आहे, हे दाखवायचं कसं?

डायव्हिंगसाठी बाहेरगावी जाताना कोणी हवेची टाकी सोबत नेत नाही. मास्क, फिन्स आणि टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर आपापले न्यायचे. टाकी आणि कमरेची शिशाची वजनं तिथल्या डाइव्ह सेंटरकडून घ्यायची, अशीच रीत आहे आणि ती योग्यही आहे. सगळीकडे दिसते ती ८० घनफूट हवा मावणारी ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच १४ किलोंच्या वर भरते. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान मिळतं. विषय तिथेच संपतो.

माझी टाकी मात्र छोटी आहे. तिला पोनी म्हणतात. मुख्य टाकीच्या बाजूला ती अडकवायची, तिला स्वतंत्र रेग्युलेटर लावायचा आणि मुख्य टाकीने दगा दिला तरच तो तोंडात घ्यायचा. दाबून भरली तर १९ घनफूट हवा मावते, नुसतं पाणी भरलं तर पावणेतीन लिटर; साधारण हातभर उंच. व्हॉल्वसकट वजन चार किलोंच्या आसपास.

ती मी हौसेने घेतलेली नाही. मी डायव्हिंग तारकर्लीला शिकले, आणि राहायला कोल्हापुरात असले तरी माझं पाणी मालवणचंच. तिथे कधी कधी समोर आठ-दहा मीटर दिसतं, कधी पसरलेला हातही नीट दिसत नाही. एकदा मार्चात, १४ मीटरवर, माझा रेग्युलेटर वाळूच्या कणाने अडकला आणि हवा आपोआप भसाभसा सुटायला लागली. सोबत उतरलेला डायव्हिंगचा जोडीदार तीन-चार मीटरवरच होता, पण गढूळ पाण्यात तो मला दिसेना आणि मी त्याला दिसेना. सुटणाऱ्या हवेतूनच घोट घेत, शिकवलं होतं तसं, मी वर आले. खाली गेजवर, म्हणजे दाबमापकावर, ११० बार होते (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), वर आले तेव्हा २० उरले होते. त्या रात्री मामाच्या घरी पडवीत बसून ठरवलं, यापुढे पोनीशिवाय पाण्यात उतरायचं नाही. मी न्यूडिब्रँकचे फोटो काढते, म्हणजे शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींचे. एकेका खडकापाशी वीस-वीस मिनिटं जातात आणि जोडीदार हमखास पुढे निघून जातो. माझ्यासारखीला पोनी हवीच.

अंदमानला हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जायचं ठरलं तेव्हा तिथल्या सेंटरला आधी विचारलं. मोठ्या टाक्या हव्या तेवढ्या आहेत, पोनी नाही, असं उत्तर आलं. म्हणून न्यायचं ठरवलं आणि पहिल्या वेळी अर्धवट तयारीने गेले.

तयारी माझ्या मते पुरेशी होती. टाकीतली सगळी हवा सोडली, व्हॉल्व पूर्ण उघडा ठेवला, सोबत गेज घेतला. कोणी विचारलं तर गेज लावून शून्य दाखवू. बॅग एक्स-रेमध्ये गेली आणि दहा मिनिटांत माझं नाव पुकारलं. आत एक अधिकारी उभे होते, बॅग टेबलावर. मी गेज लावला, काटा हलला नाही. व्हॉल्वच्या तोंडाशी त्यांचा हात नेला, वारा लागला नाही.

"हवा नाही हे कळलं, मॅडम," ते म्हणाले. "पण आत काय आहे ते मला दिसत नाही."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही. व्हॉल्व उघडा आहे याचा अर्थ आत दाब नाही, एवढाच. आत दुसरं काही नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्यांचं काम तेच तर पाहायचं आहे. व्हॉल्व तिथे काढणं शक्य नव्हतं, त्याला पाना आणि पट्टा लागतो, शिवाय विमानतळ ही ते करायची जागा नव्हे. सोडायला आलेला मावसभाऊ अजून पार्किंगमध्येच होता, त्याच्या हाती टाकी दिली. त्या वेळी हॅवलॉकला मी पोनीशिवायच डाइव्ह केले, जोडीदाराला अक्षरशः चिकटून, आणि फोटो फारसे मिळाले नाहीत.

परत आल्यावर मी हा विषय नीट समजून घेतला. भरलेली टाकी विमानात का चालत नाही, याबद्दल डायव्हर्समध्येही एक गैरसमज पक्का आहे. उंचावर हवा विरळ असते म्हणून टाकी फुटेल, असं लोक सांगतात. तसं नाही. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, तिथे बाहेरचा दाब जेमतेम पाव बारने उतरतो. २०७ बारची टाकी ती. तिला पाव बारचं काय? भीती आहे ती उष्णतेची आणि आपटण्याची. आग लागली तर आतला दाब चढत जातो. टाकी पडून व्हॉल्व तुटला तर ती दिसेल त्या दिशेने सुसाट सुटते आणि वाटेतलं काहीही फोडते. म्हणूनच दाबाखालची हवा आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक माल म्हणून धरली जाते. न पेटणाऱ्या, बिनविषारी वायूंच्या २.२ या गटात, यूएन १००२ या क्रमांकाने. आणि बाहेरून पाहून भरलेली-रिकामी ओळखता येत नाही. माझ्या पोनीत पूर्ण भरल्यावर साडेपाचशे लिटरच्या आसपास हवा मावते. तिचं वजन किती? साधारण साडेसहाशे ग्रॅम. हातात घेऊन कोणालाही कळणार नाही. मग तपासणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? अमेरिकेतल्या विमानतळांवर यावर नियम सरळ आहे: व्हॉल्व टाकीपासून पूर्ण वेगळा हवा आणि तोंड उघडं हवं, म्हणजे आत डोळ्यांनी पाहता येईल. तो वाचला आणि त्या अधिकाऱ्यांचं वाक्य आठवलं. दोघांचं म्हणणं एकच.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिकीट काढलं आणि या वेळी सुरुवात पत्रापासून केली. आधी विमान कंपनीला फोन केला होता. 'सिलिंडर' हा शब्द ऐकला आणि पलीकडून नाही आलं. घरातला गॅस सिलिंडरच त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. मग मेल लिहिला. त्यात टाकीचं माप, वजन, व्हॉल्व काढलेला असेल आणि तोंड उघडं असेल, कशासाठी नेतेय, तिकिटाचा क्रमांक, असं सगळं लिहिलं आणि व्हॉल्वशिवायच्या टाकीचा आतला तळ दिसेल असा फोटो जोडला. तो फोटो मला सेंटरच्या जुन्या टाकीचा मिळाला होता. पाच दिवसांनी उत्तर आलं: रिकामी, व्हॉल्व वेगळा, चेक-इन सामानात, अंतिम निर्णय सुरक्षा विभागाचा. या शेवटच्या चार शब्दांमुळे मन थोडं खट्टू झालं, पण ते तसंच असायला हवं. मेलच्या चार प्रती छापल्या; दोन जातानाच्या, दोन येतानाच्या.

टाकी मालवणला मामाकडे होती. फोंडा घाटाने सकाळी उतरले. मामा म्हणाला, "ही परत न्हेतलंस? आणि अडवल्यानी तर?"

"आता नाय अडवूचे," मी म्हटलं, पण पोटात गोळा होताच.

बंदराजवळ ज्यांच्या कॉम्प्रेसरवर आम्ही टाक्या भरतो, ते दादा पंचवीस वर्षं हेच काम करतायत. मी टाकी त्यांच्यासमोर ठेवली आणि व्हॉल्व काढायचाय म्हटलं. त्यांनी आधी मलाच विचारलं, "हवा कधी सोडलीस?" काल संध्याकाळी, मी सांगितलं. घाईने सोडली की टाकी गार पडते, मानेवर दव धरतं, म्हणून व्हॉल्व किंचित उघडून अर्धा-पाऊण तास लावला होता आणि रात्रभर तो तसाच उघडा ठेवला होता. तरीही त्यांनी आधी कान लावला, मग व्हॉल्वच्या तोंडावर ओठ टेकवून आत फुंकलं आणि फुंकर परत येते का पाहिलं. व्हॉल्वची वाट गंजाने किंवा मिठाने बुजलेली असली तर उघडा व्हॉल्वही फसवतो, आत हवा राहते आणि काढताना तो हातात उडतो. फुंकर सहज आत गेली. मगच त्यांनी टाकी लाकडी शिकंज्यात पट्ट्याने आवळली आणि पान्याला हात घातला.

व्हॉल्व सुटताना करकरला, मग हातानेच फिरायला लागला. तो वर उचलला तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढी एक बारीक नळी दिसली. इतकी वर्षं डायव्हिंग करून मी ती कधी पाहिलीच नव्हती. डायव्हर डोकं खाली करून पोहतो तेव्हा टाकीतलं पाणी किंवा कचरा व्हॉल्वकडे घसरतो. ही नळी त्याच्यावर उभी राहते, म्हणून ते सगळं मानेपाशीच अडतं आणि आपल्या फुप्फुसात येत नाही. दादांनी ती अंगठ्याने पुसली आणि माझ्या तळहातावर व्हॉल्व ठेवला.

मग आत टॉर्च मारला. तळ चंदेरी, स्वच्छ. फक्त एका बाजूला नाण्याएवढा पांढुरका डाग. ॲल्युमिनियमला ओल लागली की अशी पांढरी भुकटी धरते. आमच्या टाक्यांची आतून तपासणी वर्षातून एकदा होते, माझी दहा महिन्यांपूर्वी झाली होती, म्हणजे हा डाग त्यानंतरचा. दादांनी ती गोड्या पाण्याने धुतली, ब्रश फिरवला, कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने वाळवली. डाग गेला, खाली खड्डा नव्हता. विमानात न्यायचीच म्हणून व्हॉल्व काढला नसता, तर तो डाग आणखी दोन महिने तसाच राहिला असता आणि मी त्याच टाकीतली हवा घेत राहिले असते. याचा विचार मी बराच वेळ करत होते.

निघताना त्यांनी व्हॉल्वला सुतळीने एक चिठ्ठी बांधली: 'पाऊण इंची'. परक्या सेंटरच्या टेबलावर दहा व्हॉल्व पडलेले असतात आणि सगळे दिसायला एकसारखे. अमेरिकी पद्धतीच्या टाक्यांना पाऊण इंची आटे असतात, युरोपी पद्धतीच्या टाक्यांना एम २५, म्हणजे २५ मिलिमीटरचे. एम २५ चा व्हॉल्व पाऊण इंची मानेत बसल्यासारखा वाटतो, फिरतो, आवळलाही जातो. पण आट्यांची पकड अपुरी असते. भरताना दाब चढला की तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. जगात अशा अपघातांत माणसं जायबंदी झाली आहेत. टाकी आणि तिचा व्हॉल्व यांची ताटातूट झाली की हा धोका जन्माला येतो, आणि विमानप्रवासात ती ताटातूट करावीच लागते. म्हणून ती चिठ्ठी मी अजूनही सोडलेली नाही.

बॅग भरताना टाकी सगळ्यांत वर ठेवली, वेटसूटच्या घडीवर, म्हणजे चेन उघडताच दिसेल. तोंडाला प्लास्टिकचं घट्ट झाकण लावलं नाही, मलमलच्या फडक्याची टोपी घालून रबर बँड लावला; धूळ आत जात नाही आणि एका बोटाने निघतं. व्हॉल्व आणि दोन नव्या ओ-रिंग्ज, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या, वेगळ्या पाऊचमध्ये, टाकीच्या शेजारीच. सोबत दाबचाचणीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे सिलिंडरांचा सगळा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली चालतो आणि तो पाहणाऱ्या 'पेसो' या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परदेशातून टाकी आणायची तर त्यांची परवानगी लागते. माझी इथेच घेतलेली, पाच वर्षांनी करायच्या चाचणीचा महिना आणि वर्ष तिच्या खांद्यावर ठोकलेलं. डाइव्ह टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून हातातल्या सामानात घेतल्या, कारण सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये देता येत नाहीत, आणि पाण्यातला टॉर्च चुकून आत पेटला तर तो चांगलाच तापतो.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचले. या वेळी पुकारण्याची वाट पाहिली नाही. काउंटरवरच्या मुलीला बॅग देण्याआधीच सांगितलं, यात डायव्हिंगची रिकामी टाकी आहे, व्हॉल्व काढलेला आहे, हा तुमच्या कंपनीचा मेल. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी मेल दोनदा वाचला आणि मला बॅगेसोबत तपासणीच्या खोलीत नेलं.

आतले अधिकारी पन्नाशीचे असतील. मी चेन उघडली, फडकं काढलं, टाकी त्यांच्याकडे तिरपी केली. त्यांनी खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला, एक डोळा मिटला आणि मानेतून आत पाहिलं. मग टाकी हळूहळू फिरवत पुन्हा पाहिलं. एका पांढऱ्या पट्टीने तोंडाची आतली कड पुसली आणि ती पट्टी मशीनमध्ये घातली. मशीन काही सेकंद घरघरलं. मी श्वास रोखून उभी होते.

"ही आग विझवायची आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. पाण्याखाली श्वास घ्यायची. मोठी बंद पडली तर ही."

"एवढीशी? किती वेळ पुरते?"

मी त्यांना हिशोब सांगितला. वर जमिनीवर माणूस मिनिटाला साधारण वीस लिटर हवा घेतो असं धरू. २० मीटर खोल गेलं की भोवतालचा दाब तिप्पट होतो, म्हणून तिथे मिनिटाला साठ लिटर लागते. साडेपाचशे लिटरला साठने भागा. तिथेच बसून राहिलं तर नऊ मिनिटं. पण बसायचं नसतं, मिनिटाला नऊ मीटरच्या आतल्या वेगाने वर यायचं असतं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तेवढ्याला ही पुरून उरते.

त्यांनी मान हलवली. मशीनचा दिवा हिरवा झाला होता. फडकं त्यांनी स्वतःच्या हाताने परत टाकीच्या तोंडावर घातलं, रबर बँड ओढून बसवला आणि म्हणाले, "जा. सांभाळून उतरा."

चेन्नईत विमान बदललं, एकच तिकीट असल्याने सामान परस्पर गेलं, तिथे कोणी काही विचारलं नाही. दोन वेगळी तिकिटं असती तर चेन्नईत सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. दुपारी वीर सावरकर विमानतळाच्या पट्ट्यावर माझी बॅग आली, आणि वरून दाबून पाहिलं तर टाकीची गोल पाठ हाताला लागली.

हॅवलॉकच्या सेंटरमध्ये टाकी जोडायचं काम मी तिथल्या तंत्रज्ञाकडे सोपवलं. हे काम स्वतः करायचं शिक्षण मी घेतलेलं नाही. त्याने तारेला बांधलेला छोटा दिवा आत सोडून भिंत पाहिली, आटे कापडाने पुसले, चिठ्ठी वाचून मानेचं माप घेतलं, नवी ओ-रिंग सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट लावून बसवली. जास्त ग्रीस लावणारा माणूस मला आवडत नाही, ते हवेच्या वाटेत जातं. भरताना टाकी तापू नये म्हणून सावकाश भरली, आणि भरल्यावर गोड्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवली. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. मानेपाशी एक बुडबुडा अडकला होता, तो सुटून वर आला. दुसरा आला नाही.

सहा दिवस ती माझ्या डाव्या कुशीला होती. एकदाही वापरावी लागली नाही. एका खडकाच्या कपारीत निळ्या-पिवळ्या न्यूडिब्रँकची जोडी अंडी घालत होती, अंड्यांची पांढरी फीत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गोल गोल वळत चालली होती. मी तिथे पंचवीस मिनिटं थांबले. जोडीदार पुढे गेला होता, आणि माझं काळीज मालवणसारखं धडधडलं नाही.

परतीचा हिशोब मात्र उलटीकडून मांडावा लागला. लागोपाठ अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात, नाहीतर रक्तात मुरलेला नायट्रोजन उंचावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. मी पूर्ण दिवस ठेवला. तो दिवस टाकीलाही लागतोच. शेवटच्या डाइव्हनंतर दुपारी सेंटरच्या मागच्या अंगणात, नारळाच्या सावलीत तिला आडवी ठेवली आणि व्हॉल्व किंचित उघडला. सूं आवाज सुरू झाला. त्या आवाजाला सेंटरचं मांजर लांब जाऊन बसलं. मी शेजारी पाय पसरून फोटो निवडत होते. बऱ्याच वेळाने आवाज बारीक होत गेला आणि थांबला, तेव्हा मी व्हॉल्वच्या तोंडावर ओठ टेकवून आत फुंकलं. फुंकर सहज आत गेली. मग तंत्रज्ञाला हाक मारली आणि बॅगेतून मलमलचं फडकं काढलं.